बोटांनी निघणारी पायडलं

सायकलची दोन्ही पायडलं पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी काढणारी आणि पुन्हा बसवणारी बाई आमच्या गावात मी एकटीच असेन. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. पण जे येतं ते आधी सांगून घेते, कारण जे येत नव्हतं ते सांगताना माझी जीभ अजून जड होते.

मला सायकल येत नव्हती.

पस्तिशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई, आणि नोकरी कोणती, तर डाकसेवकाची. दिघोरीहून बसने येणारी थैली उतरवून घ्यायची आणि टपाल सायकलवर आमच्या गावात, पलीकडच्या टोलीवर, म्हणजे छोट्या वाडीवर, आणि वस्तीत वाटायचं. दहावीचे मार्क चांगले होते म्हणून माझी निवड झाली. कागद तपासणाऱ्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "सायकल येते ना?" मी म्हणाले, "येते." एवढ्या वर्षांनी हाताशी आलेली नोकरी एका सायकलीपायी सोडायला मी काही वेडी नव्हते. त्या वेळी वाटलं, त्यात काय, आठ दिवसांत शिकून घेऊ.

माझं माहेर मोहाडीकडचं. घरात एकच सायकल, वडिलांची, मधल्या दांड्याची. भाऊ त्या दांड्याखालून पाय घालून कैची मारत शिकला, गुडघे फोडून घेतले, आणि सगळ्यांनी कौतुक केलं. मी हात लावला की आई ओरडायची, "पडली तं हात मोडंल, मंग लगन कोन करंल तुह्याशी?" माझ्यानंतरच्या वर्गापासून लांबून येणाऱ्या मुलींना शाळेत सरकारी सायकली मिळू लागल्या. त्या पोरी ओळीने घंटी वाजवत माझ्या बाजूने जायच्या आणि मी दप्तर पाठीला लावून त्यांची धूळ खायची. तो राग माझ्या पोटात अजून आहे. आज आमच्या गावातली चौथीतली पोरगीही हात सोडून सायकल चालवते. अशा गावात मोठ्या बाईने कोणाला जाऊन सांगायचं, की मला येत नाही म्हणून?

नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा विषय कधी निघालाच नाही. ते राइस मिलवर कामाला जातात, मोटरसायकल आहे, मी मागे बसते. बाईला सायकल येते की नाही हे तिच्या नवऱ्याला ठाऊक असण्याची तशी वेळच येत नाही.

नोकरी लागली तेव्हा मोठ्या हौसेने त्यांनी साकोलीहून नवी लेडीज सायकल आणली. मोटरसायकलवर मित्राला मागे बसवून, त्याच्या मांडीवर आडवी धरून. पाय अडकू नयेत म्हणून दुकानदाराने पायडलं काढून पिशवीत घालून दिली होती. "चौकातल्या दुकानात जा, पान्यानं कसून घेजो," असं म्हणून ते जेवायला बसले.

चौकातलं दुकान म्हणजे आमच्या गावातलं सायकल दुरुस्तीचं एकमेव दुकान. पानठेल्याला लागून टिनाचं शेड, समोर ग्रामपंचायत, आणि बाकावर दिवसभर चार-सहा माणसं बसलेली. दुकानवाला मोठ्या आवाजाचा, चेष्टेखोर. कोणी सायकल घेऊन आलं की तिचं काय बिघडलं हे तो आधी बाकावरच्यांना सांगतो आणि मग कामाला लागतो. तिथे नवी सायकल नेली असती, तर पायडल कसून झाल्यावर तो नक्की म्हणाला असता, "बसा बाई, एक चक्कर मारून पाहा." माझ्या डोळ्यांपुढे ती चक्कर आणि तो बाक दोन्ही आले. मी पिशवी घेऊन मागच्या अंगणात गेले आणि पायडलं आपल्या हाताने लावायला बसले.

उजवं लगेच बसलं. डावं काही केल्या बसेना. अर्धा आटा धरायचं, तिरपं व्हायचं आणि बाहेर यायचं. मी दुकानदाराला, कंपनीला आणि साकोलीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. शेवटी वैतागून उलटं फिरवलं तर सुरसुर आत गेलं. मग लक्षात आलं की डाव्याचे आटेच उलटे असतात. डावं असो की उजवं, बोट वरून पुढच्या चाकाकडे सरकवत न्यायचं, की पायडल आत जातं. मागच्या चाकाकडे आणलं की बाहेर येतं. पुढे तर मला याहून सोपी रीत सापडली. पायडलाची मान चिमटीत घट्ट धरायची आणि ज्या दांडीवर ते बसतं ती दांडीच उलटी फिरवायची, मिनिटभराचं काम. काढताना सायकल स्टँडवर लावायची आणि दांडी सुलटी फिरवायची. आटे सहज सरकावेत म्हणून मी डोक्याचं खोबरेल तेल लावायचे.

रुजू झाले त्या दिवशी थैली कॅरिअरला बांधली आणि सायकल हाताने ढकलत निघाले. पहिल्याच घरी म्हातारबाबांनी विचारलं, "काहून व पोरी, पैदल काहून?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पंक्चर झाली जी."

झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी टोलीवरची एक बाई म्हणाली, "काल नाही का लावून घेतलं पंक्चर?" मी म्हणाले, "लावलं होतं. पुन्हा गेलं." खोटं बोलायचं तर निदान वेगवेगळं बोलावं, एवढीही अक्कल मला सुचली नाही. कधी ब्रेक म्हणाले असते, कधी पाय दुखतो म्हणाले असते. पण पंक्चर हा शब्द तोंडात बसून गेला होता आणि तो चालतही होता. लोक हसायचे, "डाकवाल्या बाईची सायकल रोजचीच पंक्चर," आणि चहा द्यायचे. चहाला थांबताना मी फार जपत असे. चाक कोणाच्या नजरेला पडलं तर? म्हणून सायकल आधी धानाच्या तणसाच्या ढिगामागे नाही तर भिंतीच्या कोपऱ्यात लावायची आणि मगच ओसरीवर यायची. प्रत्येक घराचा कोपरा मला पाठ झाला होता.

एकाच घरी मी कधी थांबले नाही. ते चौकातल्या सायकलवाल्याचं घर.

तो वस्तीतला. आमच्या गावात बौद्धांची वस्ती शाळेच्या पलीकडे आहे, विहाराच्या अंगाने. मी गावातली, शेतकरी घरची. आमच्या आजेसासऱ्यांच्या काळात वस्तीतलं पाणी आमच्या घरचे पीत नसत. आता तसं काही राहिलं नाही असं आम्ही म्हणतो. शाळेत पोरं शेजारी बसतात, ग्रामपंचायतीत सगळे एका सतरंजीवर असतात. त्याच्या घरी एक मासिक यायचं आणि नागपूरला शिकणाऱ्या मोठ्या मुलीचे काही ना काही कागद यायचे. त्याची बायको अंगणात असायची, उन्हाळ्यात मोहफुलं वाळत घालताना, एरवी धान पाखडताना. मी दिसले की म्हणायची, "या बाई, पानी घ्या. किती उन्हाच्या फिरून राहिल्या." आणि मी उभ्या उभ्या टपाल तिच्या हातात देऊन म्हणायचे, "नको, उशीर होतो." कारण सरळ होतं. जेवायला तो घरी येई. त्याने नुसता अंगठा टायरवर दाबला असता तरी माझं बिंग फुटलं असतं. गावात ज्याची नजर चाकावर पहिली पडेल असा माणूस तोच. मी त्या घरापुढून सायकल जवळजवळ पळवतच न्यायचे.

इकडे शिकणं चालू होतं. मोबाइलवर एका परदेशी बाईचा व्हिडिओ पाहिला होता. मोठ्या माणसांनी आधी पायडलं काढून टाकावीत, सीट खाली करावी, पायांनी जमीन मागे ढकलत जावं, तोल आला की पाय उचलावेत. माझ्यासाठीच बनवल्यासारखं होतं. टपाल वाटून झालं की मी बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जायचे. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं. तिच्या मागच्या अंगाला दुपारी चिटपाखरू नसतं. तिथे पायडलं काढायची, रुमालात बांधून थैलीत ठेवायची आणि पाळीच्या उतारावर सायकलवर बसून पाय मारायचे. गावात शिरण्याआधी पायडलं परत लावायची. बिनपायडलाची सायकल कोणी पाहिली असती तर पंक्चरची कहाणी काही पुरली नसती.

किती वेळा पडले त्याचा हिशेब नाही. एकदा सरळ बोडीत गेले, गुडघ्याएवढ्या चिखलात, आणि तिथे उभी राहून मोठ्याने रडले. दुखलं म्हणून नाही. आपण या वयात लपून, पदर खोचून, लहान पोरीसारखे पाय मारतो आहोत आणि तरी येत नाही, याचीच लाज. घरी आल्यावर सासूबाईंनी चिखल पाहून विचारलं, तर म्हणाले, पंक्चर झाली होती, पाळीवरून पाय घसरला. माझ्या बोटांच्या रेघांत काळं ग्रीस बसलं होतं, ते चिंचेनेही निघत नव्हतं.

धानाची कापणी सुरू झाली त्या सुमाराला मी टोलीवरच्या एका घरी चहा पीत होते. घरातली बाई नवऱ्याला म्हणाली, "पोराची सायकल दिघोरीले नेजा, बाजाराच्या दिवशी. आपल्या चौकातल्याचं पंक्चर टिकत नाही."

नवरा म्हणाला, "तुले कोनं सांगतलं?"

"आता हे बाईच पाहा ना. रोज लावते, रोज जाते. त्याच्या हातातच काई नाही."

मी कप तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. मी त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच नव्हती, गावात दुकान एकच. "लावलं होतं, पुन्हा गेलं," असं मी ज्या ज्या ओसरीवर म्हणाले, तिथे तिथे मी त्याच्या कामाला नाव ठेवून आले होते. त्या बाईला तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणाले, "टायरच खराब आहे बहुतेक," आणि तेही इतकं हळू, की तिला ऐकू गेलं नसावं.

त्यानंतर मी चौकातून जाताना त्या शेडकडे बघू लागले. आधी शाळा सुटली की पोरींच्या सायकलींची तिथे रांग असायची. आता बाकावर माणसं होती, पण सायकली नव्हत्या. तो हातात पाना घेऊन बसलेला असायचा आणि त्याचा तो मोठा आवाज ऐकू येत नव्हता. बाकावरच्या एकाने माझ्यासमोरच त्याला टोमणा मारला, "काय जी, डाकवाल्या बाईले एक तरी पंक्चर नीट लावून द्या." सगळे हसले. तोही हसल्यासारखं करून खाली पाहू लागला. मी सायकल ढकलत पुढे गेले. त्याने त्या माणसाला एवढंच म्हणायला हवं होतं, की ही बाई माझ्या दुकानाची पायरी कधी चढलेली नाही. तो म्हणाला नाही. का म्हणाला नाही, हे मला त्याच आठवड्यात कळलं.

मी बोडीकडून परत येत होते. नशिबाने पायडलं लावून झाली होती. तो समोरून चालत आला आणि थांबला. त्याची नजर पहिली चाकावर गेली, मला भीती होती तशीच.

"हवा तं चांगली हाये बाई," तो म्हणाला.

मी सायकलचं तोंड वळवलं.

"एक विचारू का? राग नका मानू. दिघोरीवाल्याकडून लावता ना तुम्ही पंक्चर?"

"तसं काही नाही भाऊ."

"लावा ना, माझं काई म्हननं नाही. पन मंग लोकाइले माझ्या हातचं टिकत नाही असं काहून सांगता?" त्याने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले, पुसायला काही नसताना. "आमच्या हातचं चालत नसंल तं तसं सांगा. घरी बायको म्हनते, तुम्ही पानीबी घेत नाही. मी तिले म्हनतो, तसं नसंल व, आता कोन पाहते हे. ती आयकत नाही. चौकात मी तोंड उघडलं असतं तं हेच निघालं असतं."

मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझ्याकडे उत्तर होतं. तीन शब्दांचं होतं. सायकल येत नाही, एवढंच. ते शब्द ओठापर्यंत आले आणि तिथे बाक दिसला, चक्कर दिसली, साहेब दिसले, चौथीतल्या पोरी दिसल्या. मी म्हणाले, "नाही भाऊ, तुमचा गैरसमज झाला," आणि सायकल ढकलत निघून आले. गैरसमज कसला, तेही सांगितलं नाही. मागे वळून पाहिलं तर तो तिथेच उभा होता.

त्या दिवसापासून मी पाळीवर चिडून शिकले. आधी उतारावर पाय उचलून लांबवर जाता येऊ लागलं, मग एकच पायडल लावून, मग दोन्ही. एक दिवस पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि वळूनही आले. आनंद झाला म्हणू का? थोडा झाला. पण त्यामागून लगेच दुसरी गोष्ट आली, की आता लपवायला काही उरलं नाही, आता सांगायलाच पाहिजे. खरं तर त्याच्यासाठी बोलायचं तर न येतानाच बोलायला हवं होतं. येऊ लागल्यावर कबूल करणं मला परवडणारं होतं, म्हणून मी तोवर थांबले.

मी पाळीवरून थेट चौकात सायकल चालवत गेले. शेडसमोर उतरले, अर्धवट पडतच. बाकावर नेहमीची माणसं होती. मी श्वास घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी सायकल कधीच पंक्चर झाली नव्हती. मला चालवता येत नव्हती. म्हणून ढकलत होते. ह्यांनी माझं एकही पंक्चर लावलेलं नाही."

मग बाकावरचा एक म्हणाला, "पन आत्ता तं चालवत आल्या जी तुम्ही."

"आता शिकले."

"असं कसं? नोकरीच सायकलची हाये तुमची."

ते हसले नाहीत, तेच वाईट. त्यांना ते खरं वाटलंच नव्हतं. सायकलवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि हातातली ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत म्हणाला, "राहू द्या बाई. खोटं बोलाचं काई काम नाही. माझं काई म्हननं नाही."

मग मला राग आला. खरं बोलायला आलेल्या माणसाला खोटं ठरवतात म्हणजे काय? "थांबा, दाखवते," म्हणून मी सायकल स्टँडवर लावली आणि उजव्या पायडलाची मान चिमटीत धरली. इतके महिने रोज जे मिनिटभरात निघत होतं, ते निघेना. डावं धरलं. तेही निघेना. पाळीवर मी त्या दिवशी पहिल्यांदाच नीट जोर लावून, एवढा वेळ पायडलं मारली होती आणि ती आपोआप कसून बसली होती. माझी बोटं घसरत राहिली. आता मात्र बाक हसला. त्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

"काय करून राहिल्या?" तो ट्यूब ठेवून जवळ आला.

"हे मी रोज हाताने काढत होते. शिकायला. पाळीवर," मी म्हणाले. माझा आवाज रडका झाला होता आणि त्याचीही मला लाज वाटत होती.

त्याने पाना आणला. एक झटका देऊन उजवं पायडल सोडवलं आणि बाहेर काढून डोळ्यांजवळ नेलं. आटे घासून घासून लख्ख झाले होते. त्याने बोट फिरवलं, मग बोट नाकाला लावलं.

"खोबरेल?" तो म्हणाला.

"डोक्याचं. लवकर निघावं म्हणून."

त्याने पायडल उलटसुलट करून पाहिलं. मग हसू लागला, पहिल्यांदा हळू आणि मग त्याच्या त्या जुन्या मोठ्या आवाजात. बाकावरच्यांना पायडल दाखवत म्हणाला, "पाहा बापा, पायडलाले खोबरेल तेल! बाईले खरंच येत नव्हती!" मग सगळे हसले, पानठेल्यावरचे आले, शाळेतून सुटलेल्या पोरी थांबल्या. मी मधोमध उभी होते. ज्या हसण्याला मी इतके महिने भ्याले, ते सगळं त्या दिवशी माझ्या वाट्याला आलं, आणि खरं सांगते, ते काही इतकं जड नव्हतं.

त्याने पायडल लावून पान्याने कसलं. दुसरंही कसलं. मग हसू आवरून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "माझं झालं बाई. पन घरी जाऊन तिले सांगा. माझं नाही आयकत ती."

मी वस्तीत गेले. ती दारातच तांदूळ निवडत बसली होती. मी पहिल्यांदाच तिच्या घरासमोर सायकल उभी केली. सगळं सांगितलं, पंक्चर, पायडलं, बोडी, खोबरेल तेल, चौकातलं हसू, सगळं. हसेल असं वाटलं होतं. ती सुपातले खडे वेचत राहिली. माझं बोलणं संपलं तेव्हा तिने वर पाहिलं.

"सायकल येत नसंल बाई तुमाले," ती म्हणाली. "पानी पेता तं येत होतं ना?"

मी म्हणाले, "चाक दिसलं असतं हो. भाऊ जेवायला घरी येतात, म्हणून..." आणि बोलता बोलता थांबले. तिच्या घराच्या डाव्या अंगाला भिंत होती, भिंतीला लागून तणसाचा ढीग होता. गावातल्या कुठल्याही घरासारखा चांगला कोपरा होता. सायकल तिथे लावून पाणी पिता आलं असतं, चहाही घेता आला असता. बाकी सगळ्या घरांचे कोपरे मी शोधून काढले होते. याच घराचा कोपरा शोधावा असं मला एकदाही सुचलं नव्हतं. चाकाची भीती खरी होती. पण ती एकटीच होती का, हे मी आता छातीठोक सांगू शकत नाही.

मी म्हणाले, "पाणी देता का थोडं?"

ती उठली, आत गेली आणि पितळी गडव्यात पाणी घेऊन आली. मी ते सगळं प्यायले. तिने रिकामा गडवा घेतला आणि पुन्हा निवडायला बसली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

आता मी टपाल सायकलवर वाटते. चौकातली रांग हळूहळू परत आली आहे आणि तो दुकानवाला मला पाहिलं की अजून ओरडतो, "बाई, तेल संपलं का?" मी त्याला उलटून बोलते. पायडलं आता बोटांनी निघत नाहीत, मी पाहिलं आहे. वस्तीत गेले की सायकल तिच्या दारासमोर, सगळ्यांना दिसेल अशी लावते. ती कधी पाणी विचारते, कधी विचारत नाही. विचारत नाही त्या दिवशी मी मागते. मागताना जीभ जड होते, पण मागते.